मंडपामागची जीप

सभापती दौलतराव मोहिते मंचावर भाषण करत होते, तेव्हा मंडपामागे उभी असलेली त्यांची जीप नजमा मुलाणीने नेली. शेजारच्या पारूला फुरसं चावलं होतं आणि जवळपास दुसरी गाडी नव्हती. दवाखान्यात पारू वाचली. पण नजमा जीप परत घेऊन आली, तेव्हा दौलतरावांनी तिला थेट पोलीस ठाण्यात उभं केलं.

“वाहनचोरीचा गुन्हा नोंदवा,” ते म्हणाले.

फौजदारांनी नजमाकडे पाहिलं. “तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, बाई.”

दारात सगळं गाव जमलं होतं. नजमा दौलतरावांकडे वळली. “पारूसाठी जीप मागितली असती, तर तुम्ही नाही म्हणाला असता?”

दौलतरावांची नजर दाराकडे गेली. निवडणूक तोंडावर आली होती. “छे, नाही कशाला म्हणेन?”

“साहेब, एवढं लिहून घ्या,” नजमा फौजदारांना म्हणाली. “मालक राजी असेल, तर चोरी कसली?”

“पण आधी विचारायला हवं होतं,” दौलतराव गुरगुरले.

“विचारलं असतं. पण तुमचं भाषण संपेपर्यंत विष थांबलं नसतं.”

फौजदारांनी हसू दाबत पेनाला टोपण लावलं.