शेठजींच्या मिशीचे रुमाल

फार पूर्वी, कापडावरची नक्षी लाकडी ठशांनी हाताने छापत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात धान्याचा व्यापार करणारे एक शेठजी होते. त्यांचं घर मोठं, कोठार मोठं आणि मिशी तर सगळ्यांत मोठी. सकाळी मिशीला तूप लावल्याशिवाय ते कोणाशी बोलत नसत.

शेठजींना एकच दुःख होतं. चैत्रातल्या जत्रेत देवीपुढे मानाचा नारळ कोणी फोडायचा, हे गावकरी हात वर करून ठरवत. आणि दर वर्षी हात वर व्हायचे ते पाणपोईवाल्या म्हाताऱ्यासाठी.

"त्याच्याकडे आहे काय? चार माठ!" शेठजी चिडून म्हणायचे. "लोकांना माझी आठवणच राहत नाही."

"आठवण असते हो," शेठाणी सुपातले खडे वेचत म्हणाल्या, "म्हणूनच हात खाली राहतात."

शेठजींना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ते थेट रंगारणीच्या दारात जाऊन उभे राहिले. "माझ्या चेहऱ्याचा ठसा कोरा," ते म्हणाले. "मिशी ठळक पाहिजे. गावात माणशी एक रुमाल वाटायचाय."

"रुमालावर चेहरा?" रंगारीण हसू दाबत म्हणाली. "शेठजी, लोक त्याला नाक पुसतील."

"पुसू देत. सदा नाकासमोर तर राहीन!"

"बरं. मग रंग पक्का बसायला कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवते, वाळवून छापते, उकळते, नदीवर धुते. पुढच्या पौर्णिमेला या."

"पुढच्या पौर्णिमेला? अहो, जत्रा परवा आहे! ते भिजवणं-उकळणं राहू द्या. काजळी डिंकात कालवा आणि मारा ठसे."

"रंग कच्चा राहील हं. ओल लागली की उतरेल."

"चैत्रात कसली आलीय ओल? आभाळात ढग तरी आहे का?"

घाम नावाची गोष्ट शेठजींच्या ध्यानातच आली नाही. येणार कशी? सारा जन्म त्यांनी गादीवर बसून, नोकराकडून पंख्याचा वारा घेत काढला होता.

जत्रेच्या दिवशी शेठजी वेशीपाशी उभे राहिले आणि येईल त्याच्या हातात रुमाल देत सुटले. देवीचं देऊळ उंच टेकडीवर. वर ऊन रणरणत होतं. पायऱ्या चढता चढता जो तो घामाने निथळला आणि ज्याने त्याने नव्या रुमालाने तोंड पुसलं. शेठजी तेवढे डोलीत बसून वर आले.

सगळे वर जमल्यावर गुरवाने विचारलं, "मंडळी, यंदाचा मान कोणाला?"

एकही हात वर झाला नाही. लोक पोट धरून हसत होते. शेठजींनी टाचा उंचावून पाहिलं, तर काय! सफाचट ओठाच्या गुरवाला काजळीची मिशी. कासारणीला मिशी. एक तान्हं बाळ आईची मिशी बघून भोकाड पसरत होतं आणि त्याच्याही ओठावर मिशीच होती.

इतक्यात शेठाणी आल्या. "अहो, असे डोळे फाडून काय बघताय माझ्याकडे?"

शेठजींनी नुसतं त्यांच्या ओठाकडे बोट दाखवलं. कासारणीने आरसा पुढे केला. शेठाणींनी त्यात पाहिलं आणि त्या किंचाळल्या, "अगंबाई! मी तर हुबेहूब सासूबाईंसारखी दिसतेय!"

मग तर टेकडीच हसायला लागली. शेठजी लालबुंद झाले. समोर रंगारीण पदर घट्ट धरून उभी होती. आता सगळं आपल्यावर ढकलणार, असं तिला वाटत होतं. आणि तसे शब्द शेठजींच्या ओठांवर आलेही होते. पण तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी ते गिळले.

"तिचा काही दोष नाही," ते म्हणाले. "तिने मला बजावलं होतं. घाई माझी होती."

एवढं बोलून त्यांनी धोतर खोचलं आणि देवळाजवळच्या विहिरीचा दोर हातात घेतला. ते पाणी ओढत राहिले, लोक तोंडं धूत राहिले. शेठजींच्या तळहातांना फोड आले. आयुष्यात पहिल्यांदा कपाळावर घाम आला. तो त्यांनी स्वतःच्याच रुमालाने पुसला आणि मिशीच्या वर आणखी एक मिशी उमटली. आरसा पाहून या वेळी तेच सगळ्यांत मोठ्याने हसले.

गुरवाने पुन्हा विचारलं. हात पुन्हा पाणपोईवाल्या म्हाताऱ्यासाठीच वर झाले. त्यातला पहिला हात शेठजींचा होता.

म्हाताऱ्याने नारळ फोडला आणि पहिला तुकडा शेठजींपुढे धरला. "घ्या. दोर बरा ओढता हो तुम्ही! उद्या पाणपोईवर येता का? माझी कंबर दुखते."

शेठजी गेले. आणि मग जातच राहिले.

रुमालांवरचा चेहरा त्याच दिवशी धुऊन गेला होता. कापड मात्र चांगलं होतं. पांढरेशुभ्र रुमाल लोकांनी कितीतरी वर्षं वापरले आणि कोणी विचारलं, की सांगायचे, "हा ना? आमच्या शेठजींचा रुमाल."

तात्पर्य: आपलं नाव कापडावर घाईने छापता येतं, पण लोकांच्या मनात ते आपल्या घामानेच पक्कं होतं.