विशेष घाटाचे अध्यक्ष

फार लांब नव्हे, समोरच्या डोंगरापलीकडे एक जंगल होतं. तिथे वाघोबांचं राज्य होतं. ते दर वेळी बिनविरोध निवडून येत, कारण विरोधात उभा राहिलेला उमेदवार मतदानापर्यंत टिकत नसे.

या जंगलात सगुणा नावाची चितळीण होती. फासात अडकून तिचा मागचा एक पाय गेला होता. उरलेल्या तिन्हींवर तिचं बरं चाललं होतं, अडायचं ते फक्त पाण्याशी. डोहाची दरड उभी होती. सगुणा वर उभी राहायची आणि पाणी खाली चमकायचं.

शेजारच्या मुसळोजी रानडुकराने हे पाहिलं. "पोरी, पाणी वर येत नाही ना? मग जमीन खाली नेऊ," असं म्हणून तो अख्ख्या कुटुंबासह मातीत नाक खुपसून कामाला लागला. डोहाच्या उथळ बाजूला ऐसपैस उतार तयार झाला.

मग आपोआप रीत पडली. संध्याकाळी आधी सगुणा उतरायची. आंधळा ससा मुसळोजीच्या पावलांच्या आवाजामागून यायचा. केरबा वानर उंबरावर पहारा करायचा. धोका दिसला की हूप करायचा, आणि लांडोर बहिरी म्हणून तिच्यासाठी फांदीही हलवायचा. केरबाला डुलकी लागली की पहारा सगुणाकडे, कारण तिचे कान भारी तिखट होते. म्हातारे, गाभण्या, धडधाकट, सगळे त्याच उतारावरून जायचे.

फक्त डोहकरांच्या घरी चूल पेटेना. डोहकर हे मगर होते.

त्यांनी तडक दरबार गाठला. "महाराज, दुर्बलांविषयी मला लहानपणापासून ओढ आहे," ते म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. अर्थात बाकीचं अंगही ओलंच होतं.

वाघोबांनी त्यांना विशेष प्राणी कल्याण समितीचं अध्यक्ष केलं. समितीने प्रश्नाच्या तळाशी जाऊन अभ्यास केला आणि डोहाच्या सर्वांत खोल वळणावर, गर्दीपासून दूर, गुळगुळीत दगडांचा विशेष घाट बांधला. फर्मान निघालं: विशेष प्राण्यांनी विशेष घाटावरच, एकेकट्याने पाणी प्यावं. इतरांना मज्जाव. जुना उतार बंद, कारण तिथे विशेष प्राण्यांना सर्वसाधारण प्राण्यांचा धक्का लागू शकतो.

उतारावर काटे पडले. पहाऱ्याला तरस बसले. प्रसिद्धिमंत्री कोल्हा रानभर ओरडत फिरला, "एकच ध्यास, लंगड्यांचा विकास! तुमच्या प्रत्येक पायामागे सरकार उभं आहे!"

"मागे कशाला?" मुसळोजी म्हणाला. "पुढे होऊन आधी तूच पाणी पी म्हणावं."

उद्घाटनाचा पहिला घोट सगुणाने घ्यायचा, असं ठरलं होतं.

"जाऊ नकोस," केरबा म्हणाला. "पहिला घोट तुझा, पण पहिला घास त्यांचा."

"केरबादादा, नाही गेले तर म्हणतील, माजली. आणि उतार तर बंद. ससा बिचारा पहाटेपासून दव चाटतोय." सगुणाने कान टवकारले. तिला काहीतरी सुचलं की ती असंच करायची. "काका, सत्काराला नको म्हणणारा अध्यक्ष पाहिलाय कधी?"

मुसळोजीने खूप आठवून पाहिलं. "मेलेलासुद्धा नाही," तो म्हणाला.

समारंभाला सारं रान लोटलं. वाघोबा व्यासपीठावर बसले. डोहकरसाहेबांचे फक्त डोळे घाटाच्या शेवटच्या पायरीशी दिसत होते.

सगुणा पुढे आली. "महाराज, ज्यांनी आमच्यासाठी एवढं केलं, त्या डोहकरसाहेबांचा सत्कार झाल्याशिवाय माझ्या घशाखाली पाणी उतरायचं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, मी साधा कार्यकर्ता," पाण्यातून आवाज आला. "मी आपला खालीच बरा."

"केवढा विनय!" कोल्हा गहिवरला. "डोहकरसाहेब आगे बढो!"

"वर या, डोहकर," वाघोबा म्हणाले. वाघोबांना नाही म्हणण्याची पद्धत नव्हती, आणि केरबाने गुंफलेला हार खरोखरच मोठा होता. डोहकर पोट घासत वर चढले.

मग हरणांतर्फे हार, सशांतर्फे हार, मोरांतर्फे तुरा. तरसांना कोल्ह्याने व्यासपीठावर मागच्या रांगेत उभं राहायला बोलावलं, तेव्हा तेही पहारा सोडून धावत गेले. ज्याचा हार घालून झाला, तो हळूच मागे सरकला. मुसळोजीच्या कुटुंबाने काटे बाजूला केले. डोहकर सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले. त्यांनी जबडा उघडला आणि आपलं खडतर बालपण अंड्यापासून सांगायला घेतलं.

"आता किती वेळ चालेल?" सशाने उतारावर विचारलं.

"अजून शाळेत गेले नाहीत ते," सगुणा म्हणाली आणि पोटभर पाणी प्यायली.

भाषण संपलं, तेव्हा समोर एकटा कोल्हा होता. डोहकरांना ते जाणवलं नाही. उलट, दुसऱ्या दिवशी लांडोर महिला मंडळातर्फे सत्कार आहे, असं कळताच त्यांनी तारीख लगेच दिली. वेळ संध्याकाळची, पाण्याला जायची. त्यानंतर रोज कुणा ना कुणातर्फे त्यांचा सत्कार असतोच. विशेष घाटावर अजून कुणी पाणी प्यायलेलं नाही, त्यामुळे तो अगदी स्वच्छ राहिला आहे आणि स्वच्छतेचं पारितोषिकही त्यालाच मिळालं.

डोहकरसाहेबांना नुकतीच मुदतवाढ मिळाली. रानाची एकमुखी मागणीच तशी होती. सत्कार सुरू झाल्यापासून त्यांनी एकही काम केलेलं नाही, आणि प्रजेचं इतकं भलं आजवर कुठल्याच अध्यक्षाने केलं नव्हतं.