साळुंकीने ओळखलेले 'हू'

मुलांनो, सागाच्या एका रानाला लागून शाळा होती आणि त्या शाळेच्या भिंतीतल्या भोकात एक साळुंकी राहत असे. आत ठोंबरे बाईंचा इंग्रजीचा तास चाले. बाई फळ्यावर वाक्य लिहीत आणि विचारत, "सांगा पाहू, यात सर्वनाम कोणते? आणि कोणत्या प्रकारचे?" मुलांच्या आधीच साळुंकी मनाशी उत्तर देई, "'शी' पुरुषवाचक, 'दिस' दर्शक." उत्तर चुकले, तर दिवसभर तिला दाणा गोड लागत नसे. रानातला पोपट तिला हसे. तो काही वर्षे एका बंगल्यात राहून आला होता आणि इंग्रजीतले मोठमोठे शब्द त्याला तोंडपाठ होते. "सर्वनामं कसली घोकतेस?" तो म्हणे, "त्या चिमुकल्या शब्दांवाचून माझं कधी काही अडलं नाही!"

त्या वर्षी चैत्रातच ओढा आटला. तहानेने व्याकूळ झालेला हरणांचा कळप रानाकडेच्या रोपवाटिकेत शिरला. समोर एक टाकी काठोकाठ भरलेली होती. दुसरी दूर, बांबूच्या बेटाआड होती. रोपवाटिकेचा साहेब परमुलखातला, म्हणून समोरच्या टाकीवरची पाटी इंग्रजीत होती. म्हाताऱ्या हरिणीने पाडसांना अडवले. "आधी कुणीतरी वाचा रे," ती म्हणाली. पाटीवर दोनच वाक्ये होती : 'दिस इज फॉर स्प्रेइंग. दॅट इज फॉर दोज हू कम टू ड्रिंक.' पोपट झेपावत आला आणि ओरडला, "ड्रिंक म्हणजे पिणे, हू म्हणजे कोण! पाटी विचारते आहे, कोण पिणार? म्हणा, आम्ही!" पाडसांनी पाणी प्यायला माना वाकवल्या.

"थांबा!" साळुंकी टाकीच्या काठावर उतरली. आपले चुकले, तर ही लेकरे उगाच उन्हात आणखी चालतील. तिने पाटी पुन्हा वाचली. "हे 'हू' प्रश्नार्थक नाही. शेवटी प्रश्नचिन्ह कुठे आहे? 'दोज'च्या पाठोपाठ आलेलं हे संबंधी सर्वनाम आहे : जे प्यायला येतात त्यांच्यासाठी. आणि त्यांच्यासाठी कोणती टाकी? 'दॅट'! ते दर्शक सर्वनाम, लांबच्या वस्तूचं. म्हणजे आपली टाकी ती, बांबूआडची."

"मग स्प्रेइंग म्हणजे काय?" पोपटाने खवचटपणे विचारले.

"ते मला ठाऊक नाही," साळुंकी म्हणाली. "पण 'दिस' कोणाला म्हणतात आणि 'दॅट' कोणाला, हे मला पक्कं ठाऊक आहे."

हरिणीने क्षणभर तिच्याकडे पाहिले. "हिच्या बोलण्यात डगमग नाही. चला," ती म्हणाली आणि कळप वळला. हरणे बांबूपाशी पोचतात न पोचतात, तोच नाकाला फडके बांधलेला माळी आला. त्याने समोरच्या टाकीतून पंप भरला आणि रोपांवर फवारा मारला. पानांवरच्या अळ्या टपाटप खाली पडल्या आणि पुन्हा हलल्या नाहीत. पोपटाची चोच उघडीच राहिली.

बांबूआडचे पाणी नितळ आणि गार होते. सगळा कळप पोटभर प्यायला. "पोरी," हरिणी म्हणाली, "आज माझी सगळी लेकरं तू राखलीस." साळुंकीचा ऊर भरून आला. तिला स्वतःचा अभिमान वाटला आणि तिने तो लपवला नाही. पोपट हळूच तिच्या शेजारी येऊन बसला. "ताई, मला शिकवशील?"

"आधी सांग, 'मला' हे कोणतं सर्वनाम?"

पोपटाने बराच विचार केला. "पुरुषवाचक?"

"अगदी बरोबर!" साळुंकी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पोपटाला एका चिमुकल्या शब्दाचा अभिमान वाटला.

तात्पर्य : लहानसहान गोष्टही नीट समजून घेऊन शिकलेली विद्या संकटात चारचौघांना तारते, अशा विद्येचा अभिमान खुशाल बाळगावा.