गुरांच्या वाटेची कहाणी

आयाबायांनो, माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल, वाचताना सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. बोअरच्या गाडीवर कामाला मी आफ्रिकेत गेलो होतो. तिथं आमचा स्वयंपाक करणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं आपली गोष्ट सांगितली. आई म्हणाली, लिहून दे, शुक्रवारी वाचू. म्हणून लिहिली.

ऐक गुरांच्या वाटे, तुझी कहाणी. आटपाट नदी होती. तिच्या काठी हवाये नावाची शेतकरीण होती. तिला जिलो नावाचा एकुलता एक मुलगा होता. लांब माळावर दरमी नावाची गुराखीण होती. तिला गलगलो नावाचा मुलगा होता. दरमीची गुरं हवायेच्या शेतातून नदीवर पाण्याला जात. त्या वाटेवर कुणी पेरायचं नाही, असा वाडवडिलांचा वसा होता. दरमी जाताना वाळक्या भोपळ्यात दूध ठेवी, हवाये तोच भोपळा मक्यानं भरून परत देई. कुणी उतत नसे, कुणी मातत नसे.

मग काय झालं, डोंगरावरचा पाऊस हटला. पूर आला की शेतात गाळ बसायचा, तो बसेना. मका करपला. ओल राहिली ती फक्त गुरांच्या वाटेवर, पिढ्यानपिढ्यांचं शेण तिथं मुरलेलं. जिलो म्हणाला, "आई, गुरं काय नाचत जातात? एवढी रुंद वाट कशाला?" मग हवायेनं वाटेच्या कडेनं मका लावला.

दरमी आली. हसून म्हणाली, "यंदा तुझा मका पाव्हण्यांना बघायला रस्त्यावर आलाय वाटतं." दुधाचा भोपळा ठेवला आणि गेली.

दुसऱ्या वर्षीही पाऊस नाही. हवायेनं वाट आणखी पेरली. दरमी म्हणाली, "बाई गं, आता एकामागे एक नेते. तहानलेल्या गाईला रांग शिकवून बघ तू एकदा." भोपळा ठेवला. दूध अर्धंच होतं.

तिसऱ्या वर्षीही पाऊस नाही. हवायेनं सगळी वाट पेरली, तोंडाशी काटे लावले. दरमी आली. भोपळा रिकामा होता.

"हवाये, गुरांना काय सांगू?"

"दुसऱ्या वाटेनं ने गं."

"दुसऱ्या वाटेवरही कुणीतरी हवायेच बसलीय."



मग गुरांना पाण्याचा वास आला. ती काट्यांत घुसली. गलगलो त्यांना आवरायला पुढं धावला. जिलोला वाटलं, हाच गुरं आत घालतोय. त्याचा कोयता चालला. गलगलो मक्यात पडला, तो उठला नाही. मग माळावरची माणसं भाले घेऊन आली. घर जळलं, मका जळला, जिलो गेला.

मग हवायेला वसा आठवला. रडत रडत तिनं हातांनी काटे काढले, धाटं उपटली, वाट मोकळी केली.

आयाबायांनो, आपल्या कहाण्यांत इथं देव प्रसन्न होतो. मेलेली मुलं झोपेतून उठल्यासारखी उठतात. मी म्हातारीला विचारलं, "मग?"

ती म्हणाली, "मग काय. दरमी उरल्यासुरल्या गाई घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही. गाई पाणी प्याल्या. जाताना तिनं कडेला भोपळा ठेवला."

"दूध होतं त्यात?"

"कुठलं दूध. पण ठेवला."

हवायेला जे उशिरा आठवलं, ते तुम्हांआम्हांला वेळेवर आठवो. तिचं जे गेलं, ते कुणाचं न जावो. ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपूर्ण. सुफळ म्हणायला माझी जीभ वळत नाही, ते तुम्ही म्हणा.

हे लिहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्याकडच्या रानात गेलो. धनगरांची मेंढरं ज्या वाटेनं पाण्यावर येतात, तिथं आमच्या तात्यांनी यंदा बाभळीच्या फांद्या टाकल्यात. तात्या बांधावरून म्हणाले, "काय रे, काय चाललंय?" मी एकेक फांदी ओढून बाजूला करत राहिलो.