चादरीचं चौथं टोक

"पण तात्या, तिला दिसलं होतं, तर तिनं बोलायला नको होतं का?"

निनादचा आवाज चढला होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तशातला प्रकार. पण आतून तो घाबरला होता.

डोंगरातल्या त्या लहानशा दवाखान्यात डॉक्टरकी, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी शिकणारी मुलं एकत्र काम शिकत. म्हातारे डॉक्टर तात्या त्यांचे गुरू. सकाळी निनादच्या हुकमाखाली खुबा मोडलेल्या आजींना चादरीसकट दुसऱ्या खाटेवर घेताना सलाइनची नळी कठड्याला अडकली. सुई उपसली गेली, आजी कळवळल्या. नर्सिंगच्या सुगंधाला ती नळी आधीच दिसली होती, पण ती बोलली नव्हती.

उद्या त्याच आजींना ऑपरेशनसाठी हलवायचं होतं आणि पुढारीपण पुन्हा निनादकडेच होतं.

तात्यांनी ऐकून घेतलं... मग खाटेकडे बोट केलं.

"नीज."

तो चादरीवर आडवा झाला. तात्यांनी बाकीच्यांना त्याला शेजारच्या खाटेवर घ्यायला बोलावलं. पायाशी सुगंधा आणि इरफान, उशाशी भक्ती. उशाकडचं दुसरं टोक तात्यांनी स्वतः धरलं.

"तू बेशुद्ध आहेस," ते म्हणाले. "बोलायचं नाही."

कुणीच हलेना. सवयीनं तिघंही निनादच्याच तोंडाकडे बघत होती. शेवटी इरफान चाचरत म्हणाला, "उचलूया?"

निनाद अधांतरी झाला. दोन खाटांच्या मध्ये नुसती फरशी होती.

तेवढ्यात सुगंधाचा चेहरा बदलला. ती त्याच्या डोक्यामागे काहीतरी बघत होती. तिचे ओठ हलले... आणि मिटले.

बोल ना बाई, त्याच्या मनात आलं. परवाच त्यानं तिला सगळ्यांदेखत गप्प केलं होतं. मी सांगेन तेवढंच करायचं, असं बजावलं होतं. चादर एका अंगाला कलली. बेशुद्धपण विसरून तो बोललाच.

"सुगंधा... काय दिसतंय तुला?"

"तात्यांच्या हातून टोक सुटतंय."

तिघांनी घाईघाईनं त्याला खाटेवर टेकवलं. निनादनं मान वळवून पाहिलं. तात्यांच्या चिमटीत चादर जेमतेम उरली होती.

"तात्या, मी पडलो असतो..."

तात्यांनी चादरीची सुरकुती हातानं सारखी केली.

"सकाळीही सुगंधा विचारायला एवढीच जवळ उभी होती."