सुंद्राबाईचा होकार

इनामदारांकडे पंगत असली की रांधायला सुंद्राबाईच लागे, आणि नकार देणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

एकदा पाहुण्यांसमोर इनामदार मिशीवर ताव देत म्हणाले, "आमची सुंद्रा कधी नाही म्हणत नाही! सुंद्रे, उद्याही पंगत आहे, पहाटेच ये."

उद्या तिच्या लेकीचं डोहाळजेवण होतं, आणि इनामदारांना ते ठाऊक होतं. सुंद्राबाईच्या ओठांवर 'हो' आला, पण तिने तो गिळला.

इनामदार खवळले. "गप्प का? आमची पंगत सोडून लेकीचं डोहाळजेवण करत बसणार की काय?"

"हो, सरकार."

"म्हणजे आम्हाला नाही म्हणतेस?"

"नाही कुठं म्हटलं? हो म्हटलं की!"

पाहुणे खो खो हसले. इनामदारांनाही हसावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पंगतीत पिठलंभात वाढला गेला, आणि सुंद्राबाईने लेकीला आपल्या हातची पुरणपोळी भरवली.