ठोसरसाहेब आणि माळ्यावरचा कुकर

“पण तुम्ही खरे गुरू आहात, हे मी कशावरून धरायचं?”

“नका धरू,” नागूबुवा म्हणाले आणि पुढ्यातल्या शेंगा सोलत राहिले.

विचारणारे होते ठोसरसाहेब. सरकारी बॉयलर तपासनीस म्हणून तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. झाकण असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नसे, आणि माणसांची गणना ते त्याच वस्तूंत करत. याआधी दोन महाराज त्यांनी तपासून नापास केले होते. त्यातल्या एकाची समाधी त्यांनी घड्याळ लावून मोजली होती म्हणे.

“मला अनुग्रह हवा आहे,” साहेब म्हणाले. “पण डोळे मिटून मी काही घेणार नाही.”

“मग उघडे ठिवून या.”

बुवांनी दोन शेंगा साहेबांपुढे सरकवल्या. साहेबांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि परत ठेवल्या.

“मठाच्या माळ्यावर एक कुकर पडलाय,” बुवा म्हणाले. “पंगतीचा, थोरला. कुनी दिला ते बी आता आठवत न्हाई. तेवढा चालू करा. त्यात शिजलेलं मानसं जेवली, की बोलू अनुग्रहाचं.”

“यात तुमचा हेतू काय?”

“उसळ,” बुवा म्हणाले.

कुकर खाली आला तेव्हा त्यात जुनी पोती, एक फुटका कंदील आणि उंदरांचा संसार होता. जाड अॅल्युमिनियमचा, दोन माणसांनी उचलायचा. झाकण कडेने सहा स्क्रूंनी आवळायचं आणि मधोमध पेरूएवढी लोखंडी शिट्टी ठेवायची. असा कुकर साहेबांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांचे डोळे चमकले, आणि लगेच बारीक झाले.

“हा चालता चालता बंद का केला होता?” त्यांनी अंजाक्काला विचारलं. मठाचा स्वयंपाक ती करते.

“मला काय ठावं? मी आले तवापासून वरच हाय.”

“कधी फुटला होता का? खरं सांगा.”

“फुटला असता तर असा साबूत राहिला असता व्हय?”

साहेबांना ते पटलं नाही. ते दर गुरुवारी येऊ लागले. कुकर चिंच लावून घासला. आतून भिंग लावून पाहिला, बाहेरून बोटांनी वाजवून पाहिला. शिट्टीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, ते तारेने कोरून काढलं. जुन्या मापाचं रबर कुठे मिळेना, तेव्हा जाड रबराचा पत्रा आणून स्वतः गोल कापला. सेफ्टी व्हॉल्व्ह तीन आणले, कारण दुकानदारावर भरवसा नव्हता. त्यातला एक तापत्या तेलात टाकून कितव्या अंशाला वितळतो ते पाहिलं. मग कुकरात काठोकाठ पाणी भरून हातपंपाने दाब दिला, रोजच्या वापराच्या दुप्पट. एक थेंब गळला नाही.

“झालं?” बुवांनी विचारलं.

“अजून एकदा बघतो.”

असं चार गुरुवार चाललं. पाचव्या गुरुवारी बुवांनी सरळ तीस माणसांना जेवायला बोलावलं.

दुपार झाली. भाकरी थापून झाल्या, भात निवत आला, पंगत बसली. उसळीचे हरभरे तेवढे कुकरात होते. साहेबांनी अंजाक्काला स्वयंपाकघराबाहेर काढलं. स्वतःही बाहेर आले, आणि आंबे उतरवायची लांब आकडी घेऊन दाराच्या चौकटीआड उभे राहिले.

कुकर फुसफुसायला लागला, की साहेब आकडीने शिट्टी उचलत. भस्सकन वाफ निघून जाई.

पुन्हा फुसफुस. पुन्हा आकडी.

तासभर हेच. शेवटी अंजाक्का कुणाचं न ऐकता आत घुसली. गॅस बंद करून, वाफ पुरती गेल्यावर तिने स्क्रू सोडवले आणि एक हरभरा तोंडात टाकला.

“साहेब, दात पडंल की मानसाचा!”

“हरभरे जुने असणार,” साहेब म्हणाले. “भिजवले होतेत का नक्की?”

“रातभर!”

“गॅस बारीक केला असेल कुणीतरी.” मग साहेब बुवांकडे वळले. त्यांचा आवाज चढला होता. “का तुम्हाला हेच हवं होतं? मी हरावं, म्हणजे अनुग्रहाचा विषयच संपला!”

तीस माणसं कोरड्या भाकरीपुढे बसली होती. बुवा उठून साहेबांजवळ आले.

“शिट्ट्या किती झाल्या?”

“... एकही नाही.”

“का बरं?”

“नळी पुन्हा तुंबली असेल, असं वाटायचं. म्हणून बघत होतो.”

“तुंबली हुती?”

“नाही.”

“दर बारीला बघितलं?”

“दर वेळी.”

साहेबांनी हातातली आकडी भिंतीला टेकवली, ती घसरून खाली पडली.

“बुवा... मी पास केलेला एक बॉयलर फुटला होता.”

“कधी?”

“सोळा वर्षं झाली. कापड रंगवायच्या कारखान्यातला. मी सगळं तपासलं होतं. काही म्हणजे काही चूक नव्हती त्यात. पुढे कामं उरकावीत म्हणून कुणीतरी त्याचा व्हॉल्व्ह तारेने बांधून टाकला. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही.” साहेबांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. “बॉयलरवर इस्माईल नावाचा माणूस होता. तो गेला. मी सही केली होती, आणि चहा पिऊन जीपमध्ये बसून निघून आलो होतो.”

साहेब रडले. तीस माणसांदेखत, पंचा तोंडाशी धरून रडले. अंजाक्काने पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला.

बुवा थांबले. साहेबांचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, “आता मला इतकंच सांगा. या कुकरात बघायचं काही राहिलंय?”

साहेबांनी बराच विचार केला.

“नाही.”

“समदं शोधलंत?”

“सगळं.”

“अंजाक्का, घाला गरम पानी, लावा झाकन.”

झाकण बसलं. सहाही स्क्रू साहेबांनी स्वतः आवळले. गॅस पेटला. साहेब सवयीने दाराबाहेर आले आणि आकडी उचलायला वाकले.

तेवढ्यात बुवांनी कोपऱ्यातला पाट ओढला, शेगडीजवळ मांडला, आणि त्यावर मांडी घालून बसले. कुकर त्यांच्या खांद्यापासून हातभर होता.

“बुवा! तिथं बसू नका!”

“का?”

“अहो, मागे सरा!”

“दुरुस्ती कुनी केली ह्याची?”

“... मी.”

बुवांनी डोळे मिटले. ते हलले नाहीत.

कुकर फुसफुसायला लागला. साहेबांनी आकडी उचलली. पण आता मधे बुवांचं डोकं होतं, आणि वाफ सोडली असती तर थेट त्यांच्या अंगावर गेली असती.

फुसफुस वाढली. शिट्टी जागच्या जागी डुलायला लागली.

साहेबांनी आकडी टाकली. आत गेले आणि बुवांच्या शेजारी, कुकर आणि बुवा यांच्यामधल्या फरशीवर, निवृत्तीनंतर वाढलेलं पोट सांभाळत कसेबसे बसले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.

शिट्टी झाली. अशी झाली, की मठाच्या छपरावरची कबुतरं उडाली आणि पंगतीतलं एक म्हातारं बसल्या जागी दचकलं.

दुसरी झाली. तिसरी. चौथी.

साहेब उठले नाहीत. अंजाक्काने गॅस बंद केला, तरी वाफ जिरेपर्यंत ते तिथेच बसून होते. मग त्यांनीच झाकण उघडलं. हरभरा बोटांत धरला, तर लोण्यासारखा मऊ.

उसळ वाढली गेली. तीस माणसं जेवली. दोघांनी तर तिसऱ्यांदा मागून घेतली. साहेब मात्र पानावर बसले ते घास हातात धरूनच. काहीतरी त्यांच्या मनातून जात नव्हतं.

शेवटी ते बुवांकडे वाकले आणि हळूच म्हणाले, “खरं सांगा. माझ्यामागे तुम्ही कुणाकडून तरी हा कुकर तपासून घेतला होतात.”

“न्हाई.”

“सांगलीहून कुणी मिस्त्री आणला असणार.”

“न्हाई.”

“मग तुम्हाला त्यातलं काही कळतं. लपवता आहात तुम्ही.”

“मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाई, साहेब.”

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले... एखादी भेग कुठे दिसते का, असं.

“मग भीती नाही वाटली तुम्हाला?”

बुवांनी भाकरीचा तुकडा उसळीत बुडवला.

“वाटली की,” ते म्हणाले. “म्हनून तर जवळ बसलो.”